सातेरी: आपल्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत राहणारी मधमाशी नीट समजून घेऊया

मधमाशी म्हटलं की बहुतेक लोकांच्या डोळ्यासमोर येतं ते पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या सज्जाला लटकलेलं भलंमोठं काळपट पोळं, ज्याच्या बातम्या येतात, गडावर पर्यटकांवर हल्ला वगैरे. ते आग्या मोहोळ. त्या माशीबद्दल भीती असणं स्वाभाविक आहे, पण त्या भीतीपायी आपल्याकडच्या बाकीच्या मधमाश्या पण मरतात, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सातेरीचं. ही माशी शांत असते, अंधारात लपून राहते, आपल्या मीटरच्या पेटीत येऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारून जातो. म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय, ती दिसते कशी, राहते कुठे, जगात कुठपर्यंत पसरलेली आहे आणि तिचा स्वभाव असा का आहे.

आधी ओळख करून घेऊ, कारण इथेच सगळा घोळ होतो. महाराष्ट्रात मध गोळा करणाऱ्या मुख्य चार देशी माश्या. आग्या, आकाराने सगळ्यात मोठी, उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, उंच झाडावर, कड्यावर, इमारतीवर. फुलोरी, अगदी लहान, ती पण एकच पोळं बांधते, पण तळहाताएवढं, झुडपाच्या काडीवर किंवा कुंपणात. पोया, म्हणजे तीन-चार मिलिमीटरची काळी माशी, डंख मारूच शकत नाही, भिंतीच्या फटीत राहते आणि दाराशी मेण आणि झाडाचा चीक मिसळून केलेली बारीक नळी काढते. आणि चौथी सातेरी. शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका. यांच्याशिवाय पाचवी एक दिसते ती मेलिफेरा, लोक इटालियन म्हणतात ती, पण ती बाहेरून आणलेली आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

यात माशी हातात न घेता ओळखायची सोपी खूण म्हणजे घर. पोळं उघड्यावर दिसतंय का? दिसत असेल तर ती सातेरी नाही (अगदी अपवादाने नाइलाज झाला तर कधी उघड्यावर बसते, पण ते सोडून द्या). सातेरीला पोकळी लागते आणि अंधार लागतो. झाडाची ढोली, वारुळातली रिकामी जागा, दगडी बांधाची कपार, जुन्या वाड्याची भिंत, आणि शहरात लाईट मीटरची पेटी, ड्रेनेजचा बंद पाईप, एसीच्या मागची जागा, फॉल्स सीलिंग. आत एक पोळं नसतं, सात-आठ पोळी असतात, कपाटात हँगरला शेजारी शेजारी कपडे टांगावेत तशी एकमेकांना समांतर लटकलेली, आणि दोन पोळ्यांच्या मध्ये माश्यांना फिरता येईल एवढीच जागा. प्रत्येक पोळ्यावर वरच्या बाजूला मध, त्याच्या खाली पराग आणि खाली मधल्या भागात अंडी, अळ्या, कोष. बाहेरून तुम्हाला दिसतं ते फक्त एक भोक आणि त्यातून ये-जा करणाऱ्या माश्या. बस्स.

आता माशी जवळून बघू. कामकरी माशी साधारण दहा-अकरा मिलिमीटर, म्हणजे आग्यापेक्षा बरीच लहान आणि फुलोरीपेक्षा मोठी, मेलिफेरापेक्षाही थोडी लहानच. छातीवर पिवळट-करड्या रंगाची लव, पोटावर काळे आणि पिवळे आडवे पट्टे, आणि हे पट्टे पार टोकापर्यंत एकसारखे दिसतात. मेलिफेरामध्ये पिवळा रंग पुढच्या भागात जास्त असतो आणि मागचं टोक गडद होत जातं. मोबाईलने क्लोजअप फोटो काढला तर हा फरक बऱ्यापैकी कळतो. डोळे मोठे, आणि झूम केलंत तर डोळ्यांवर सुद्धा बारीक केस दिसतील. मागच्या पायावर बाहेरच्या बाजूला चपटी खोलगट जागा असते, कडेने वाकडे केस, त्यात ती परागाचा गोळा दाबून बसवते, पिवळा, केशरी, कधी करडा, कुठल्या फुलावरून आली त्याप्रमाणे. सकाळी मोहोळाच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहिलं तर हे रंगीत गोळे घेऊन उतरणाऱ्या माश्या आरामात दिसतात आणि त्यावरून आजूबाजूला काय फुललंय याचा अंदाज येतो.

अजून एक बारीक खूण आहे, अभ्यासक लोक ती बघतात. सातेरीच्या मागच्या पंखावर एक शीर जरा पुढपर्यंत गेलेली असते, मेलिफेराच्या पंखावर ती तेवढी पुढे जात नाही. साध्या डोळ्यांना दिसणं कठीण, भिंग लागतं. पण मेलेली माशी मिळाली तर जरूर बघा.

राणी लांबट असते, पोट पंखांच्या बरंच मागे गेलेलं, रंगाने जास्त गडद. नर काळपट, जाडसर, डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना टेकतात, आणि त्याला डंख नसतो. नर ज्या खणात वाढतो त्या खणाचं झाकण बघण्यासारखं असतं, थोडं उंच आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र. सातेरीची ही खास खूण. मेलिफेराच्या नरांच्या झाकणाला असं छिद्र नसतं. नवीन मधपाळ पहिल्यांदा हे बघून घाबरतात, त्यांना वाटतं कीड लागली. तसं काही नसतं.

फुलावर बघताना अजून एक गफलत होते. पिवळे-काळे पट्टे असलेल्या कितीतरी माश्या मधमाश्या नसतातच, त्या फुलांवर हवेत एकाच जागी थांबणाऱ्या साध्या माश्या असतात. त्यांना पंखांची एकच जोडी असते आणि मिशा अगदी आखूड. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि मिशा लांब, मधे कोपरात दुमडल्यासारख्या. हे एकदा लक्षात आलं की मग चूक होत नाही.

आता रंगाबद्दल. इंटरनेटवर सातेरीचे फोटो शोधले तर कुठे पिवळी दिसते, कुठे जवळजवळ काळी, आणि लोक विचारतात नक्की खरी कुठली. दोन्ही खऱ्या. ही माशी जागेप्रमाणे बदलते. सपाटीवर, गरम भागात ती लहान आणि पिवळसर, डोंगरात वर जावं तशी मोठी आणि काळपट. दक्षिण भारतात तर मधपाळ डोंगरातली काळी आणि मैदानातली पिवळी असं सरळ वेगळं सांगतात. आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं की पण हेच, काश्मीर-हिमाचलमधली सेराना आपल्याकडच्या माशीपेक्षा चांगली मोठी, तिची वसाहत मोठी आणि मधही जास्त साठवते, कारण तिला लांब हिवाळा काढायचा असतो. तिकडे जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीत मुद्दाम कोनाडा ठेवतात, बाहेरच्या बाजूने माश्यांना भोक आणि घरातल्या बाजूने मध काढायला फळी. किती साधी आणि छान सोय आहे बघा.

शास्त्रज्ञांचं पण यावरून एकमत नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये एपिस सेराना हे नाव दिलं आणि १७९८ मध्ये भारतातल्या माशीला एपिस इंडिका असं वेगळं नाव दिलं. नंतर बराच काळ या दोन्ही एकच प्रजाती मानल्या गेल्या आणि इंडिका ही तिची उपप्रजाती झाली. १९८८ मध्ये रुटनर या अभ्यासकाने सेरानाचे चार गट मांडले, उत्तरेकडची सेराना, दक्षिणेकडची इंडिका, हिमालयातली हिमालया आणि जपानमधली जापोनिका. आणि मग २०२२ मध्ये केरळच्या संशोधकांनी म्हटलं की पश्चिम घाटातली काळी माशी ही वेगळीच प्रजाती आहे, तिला त्यांनी एपिस करिंजोडियन नाव दिलं, आणि मैदानातली पिवळी इंडिका पण स्वतंत्र प्रजाती धरावी असं मांडलं. त्यांच्या मते या काळ्या माशीचा पट्टा गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूचा काही भाग असा आहे, म्हणजे आपल्या अगदी शेजारचा. हे वर्गीकरण सगळ्यांनी मान्य केलंय असं नाही, त्यामुळे या लेखात मी जुन्याच पद्धतीने सगळ्यांना मिळून सातेरी किंवा सेराना म्हणतोय. पण मला स्वतःला वाटतं की नावाचा निकाल काहीही लागो, यातून एक गोष्ट पक्की होते, घाटातली माशी आणि सपाटीवरची माशी एक नव्हे. मधपाळ हे आधीपासून सांगत आलेत.

रेंज म्हणाल तर प्रचंड आहे. पश्चिमेला अफगाणिस्तान, तिथून पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, चीन, कोरिया, जपान, वर रशियाचा अगदी पूर्वेकडचा समुद्राजवळचा भाग, खाली मलेशिया, फिलिपिन्स, इंडोनेशिया. कोकणातल्या नारळीच्या बागेपासून हिमालयात अडीच-तीन हजार मीटर उंचीपर्यंत. आग्या आणि फुलोरी एवढ्या थंडीत जाऊ शकत नाहीत, कारण त्यांचं पोळं उघड्यावर असतं. सातेरी जाते कारण ती बंद पोकळीत राहते, पोळ्यांवर गच्च घोळका करून बसते, आणि छातीचे स्नायू थरथरवून गरमी तयार करते. पिल्लांच्या भागात तिला ३३ ते ३५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, बाहेर बर्फ असो की कोकणातला मे महिना. उन्हाळ्यात उलटं, माश्या पाणी आणून आत पसरतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. इथे पण एक गंमत आहे, सातेरी वारा घालताना तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी असते, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलते, आणि मेलिफेरा तोंड दाराकडे करून आतली हवा बाहेर ओढते. दोन्ही पेट्या शेजारी असतील तर दुपारी दोनच्या उन्हात जाऊन बघा, स्पष्ट दिसतं.

सेराना काही ठिकाणी स्वतःहून नाही तर माणसामुळे पोचली. १९७० च्या दशकात जावामधून न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात नेली, तिथून ती पापुआ न्यू गिनीत पसरली, आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्स बंदरात एका बोटीच्या डोलकाठीत तिचा थवा सापडला. तिथे ती परकी, तिला संपवायचा कार्यक्रम सुद्धा राबवला पण जमलं नाही. म्हणजे आपल्याकडे जी जपायची ती तिथे नको असलेली. देशी हा शब्द जागेला जोडून आहे, माशीला नाही, हे यातून नीट कळतं.

आता तिच्या स्वभावाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तक्रार त्याबद्दलच असते. पेटीत सातेरी पाळणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी म्हणतो की माझ्या माश्या पळाल्या. काल होत्या, आज पेटी रिकामी. लोक वैतागतात, माशी बेभरवशाची म्हणतात. पण ती का जाते हे समजून घेतलं तर वैताग बराच कमी होतो.

जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक म्हणजे वसाहत वाढली, जागा कमी पडायला लागली, मग जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते आणि मागे नवीन राणी तयार होत असते. ही वाढ आहे, यात पेटी रिकामी होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सगळंच्या सगळं घर सोडून जाणं. हे होतं जेव्हा फुलोरा संपतो, पाणी जवळ नसतं, पेटी उन्हात तापते, मुंग्या शिरतात, मेणकिडा (पोळं खाणारी पतंगाची अळी) लागतो, किंवा माणूस सारखी पेटी उघडून बघतो. फुलोरा संपल्यामुळे जाणार असतील तर त्या तयारी करून जातात, राणी अंडी घालणं कमी करते, बंद करते, असलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबतात, साठवलेला मध पोटात भरून घेतात आणि मग एका दिवशी सगळ्या उठतात. म्हणजे पेटीत नवीन अंडी दिसेनाशी झाली, पराग येणं कमी झालं, मध कमी होत चाललाय, तर समजायचं की निघायच्या बेतात आहेत, आणि तेव्हाच साखरेचा पाक द्यायचा, पेटीची जागा बघायची. मुंग्या किंवा त्रासामुळे जाणार असतील तर मात्र पिल्लं तशीच टाकून तडक निघतात.

हा दोष आहे का? आपल्या इथल्या हवामानाचा विचार करा. घाटात जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, माशीला उडता येत नाही. सपाटीवर मे महिन्यात एका गावात काहीच फुललेलं नसतं आणि दहा किलोमीटरवर नदीकाठी फुलोरा असतो. अशा जागी मोठा साठा करून एकाच ठिकाणी बसण्यापेक्षा हलकं राहून जागा बदलणं जास्त कामाचं. हिवाळी देशातल्या मेलिफेराला चार-पाच महिने बाहेर काहीच मिळत नाही, जायचं तरी कुठे, म्हणून ती भरपूर साठवते आणि टिकून राहते. सातेरी एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते आणि मेलिफेरा पंचवीस-तीस किलो किंवा जास्त, हा आकडा लोक लगेच तोंडावर फेकतात, पण तो मध माशीने आपल्यासाठी साठवलेलाच नसतो, तिच्या गरजेपुरता असतो. उघड्या ट्रकमधून मोहरीच्या शेतातून सूर्यफुलाच्या शेतात पेट्या फिरवायच्या, त्या हिशोबात मेलिफेरा बसते. सह्याद्रीतल्या गावात घराच्या मागे चार पेट्या ठेवायच्या, त्या हिशोबात सातेरीच बसते.

मेलिफेरा भारतात नीट रुजली ती १९६२ मध्ये, नगरोटा बगवान इथे, जे आता हिमाचल प्रदेशात आहे. त्याच वर्षी खादी आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू केली. त्याच्याही बरंच आधी, १९१० च्या सुमाराला दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी बनवली होती, तिला आजही न्यूटन पेटी म्हणतात. कारण पाश्चात्त्य मापाची पेटी हिला चालतच नव्हती, पेटीत पोळं बांधायला टांगलेल्या लाकडी चौकटींमधलं अंतर जास्त व्हायचं आणि माश्या मधेच आडवंतिडवं पोळं बांधून सगळ्या चौकटी एकमेकींना चिकटवून टाकायच्या. माप दोन-चार मिलिमीटरने चुकलं तरी हा त्रास होतो, म्हणून लोकल सुताराकडून अंदाजाने पेटी बनवून घेऊ नका, मापं घेऊनच जा.

शत्रूंशी ती कशी लढते हा माझा सगळ्यात आवडता भाग. पेटीवर हलकेच टिचकी मारा, आतून एकदम सुस्स असा आवाज येतो आणि क्षणात थांबतो. शेकडो माश्या एकाच वेळी अंग थरथरवतात त्याचा तो आवाज. आत शिरू बघणारा प्राणी दचकतो. गांधीलमाशी आली तर दारावरच्या माश्या आधी असंच अंग हलवून इशारा देतात, की आम्ही तुला बघितलंय. तरी ती आलीच तर तिच्यावर एकदम तुटून पडतात, आणि डंख मारत बसत नाहीत कारण गांधीलमाशीच्या कवचात डंख सहज जात नाही. त्या तिच्याभोवती गच्च गोळा करतात आणि स्नायू थरथरवून गरमी वाढवतात. जपानमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं, गोळ्याच्या आत तापमान ४६ अंशांच्या आसपास जातं, गांधीलमाशी त्यात मरते आणि मधमाश्यांना दोन-तीन अंश जास्त सोसतं म्हणून त्या वाचतात. फक्त दोन-तीन अंशांच्या फरकावर ही सगळी लढाई! मेलिफेराला ही युक्ती एवढी जमत नाही, कारण ती या मोठ्या आशियाई गांधीलमाश्यांच्या सोबत वाढलेली नाही.

वरोआ नावाच्या गोचिडासारख्या किड्याचं पण तसंच. जगभरात मेलिफेराच्या लाखो वसाहती ज्याने मारल्या तो वरोआ मुळात सेरानाचाच. १९०४ मध्ये जावा बेटावर सेरानाच्या मोहोळात सापडलेल्या किड्याला पहिल्यांदा नाव मिळालं, आणि जगभर नुकसान करणारा किडा त्याचा जवळचा भाऊ, वेगळा आहे हे २००० मध्ये स्पष्ट झालं. सेरानाच्या घरात हा किडा शतकानुशतकं राहतोय पण घर बुडवत नाही, कारण कामकरी माश्यांच्या खणात त्याची वाढ जवळजवळ होत नाही, फक्त नरांच्या खणात होते, आणि नर वर्षातून थोडेच दिवस असतात. त्यातही एखाद्या नराच्या खणात जास्त किडे शिरले तर तो नर एवढा अशक्त होतो की ते जाड झाकण फोडून बाहेरच येऊ शकत नाही, माश्या पण ते उघडत नाहीत, आणि तो किड्यांसकट आतच संपतो. शिवाय माश्या एकमेकींच्या अंगावरून किडे काढतात. मेलिफेराची माणसाने सेरानाच्या मुलखात ने-आण केली, किडा तिच्यावर गेला, आणि तिच्याकडे यातलं काहीच पुरेसं नसल्यामुळे ती कोसळली. माश्यांची उगाच इकडून तिकडे वाहतूक केली की काय होतं त्याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

पण सातेरीला सगळंच झेपतं असंही नाही. थाई सॅकब्रूड नावाचा व्हायरस १९७६ मध्ये थायलंडमध्ये ओळखला गेला, १९७८ पर्यंत भारतात दिसला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत त्याने नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती संपवल्या. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूमध्ये लोकांच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. यात अळी कोषात जायच्या वेळी मरते, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते आणि खणात तिचं डोकं वर वळलेलं दिसतं. पेटीत असं दिसलं तर त्या चौकटी दुसऱ्या पेटीत टाकायच्या नाहीत, हत्यारं पण धुऊन वापरायची. ज्या वसाहती तेव्हा वाचल्या त्यांच्यापासून पुन्हा वाढ झाली, औषधाने नाही.

मेणकिड्याचं मात्र आपल्या हातात आहे. सातेरी झाडाचा चीक गोळा करून फटी बुजवत नाही, मेलिफेरा बुजवते, त्यामुळे पेटीतल्या भेगा तशाच राहतात आणि पतंग त्यात अंडी घालतो. जुनी काळी पडलेली, माश्यांनी सोडलेली पोळी काढून टाकणं, पेटीचा तळ साफ ठेवणं, पेटी घट्ट जुळणारी असणं आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवणं म्हणजे मुंग्या पण येत नाहीत, एवढं केलं तरी निम्मी पळापळ थांबते. पेटीसमोरच्या तारेवर वेडा राघू येऊन बसतो, माश्या टिपतो, त्याला हुसकावत बसू नका, निरोगी वसाहतीला तेवढं परवडतं.

महाराष्ट्रात सातेरीचं माहेर म्हणजे महाबळेश्वर आणि आजूबाजूचा घाट. राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे आणि तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. नंतर कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातलं पाटगाव पण त्या यादीत आलं. ही गावं तिथेच का, तर झाडांमुळे. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतो, त्याच्या मागोमाग गेळा आणि हिरडा, पावसानंतर व्हायटी नावाचं झुडूप, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी. कारवीच्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि दाट गडद मध मिळतो, मग परत बरीच वर्षं वाट बघायची. सातेरी मधासाठी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरातच फिरते, म्हणजे तेवढ्या वर्तुळात वर्षभर काही ना काही फुलत राहिलं पाहिजे. वणवा लागून हिरड्या-जांभळाची झाडं गेली, कारवी तोडली गेली की पेटी कितीही चांगली असो, माश्या राहणार नाहीत.

शेतात तिचं काम मधापेक्षा मोठं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कांद्याचं बी धरायचं असेल, कारळे, सूर्यफूल, मोहरी, धने, भोपळा, काकडी, ही सगळी पिकं परागीकरणासाठी माश्यांवर अवलंबून, आणि आता बीजोत्पादन करणारे शेतकरी आणि डाळिंबवाले पेट्या भाड्याने आणून ठेवतात. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर मारा, आणि शेजारी कोणाच्या पेट्या असतील तर आदल्या दिवशी फोन करा. त्यांना एक दिवस दार बंद ठेवता येतं.

घरात सातेरी आली तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. झाडाच्या फांदीवर किंवा गॅलरीच्या कठड्याला माश्यांचा नुसता घोळका बसला असेल, पोळं नसेल, तर तो वाटेत थांबलेला थवा असतो, नवीन घर शोधतोय, काही तासात नाहीतर दोन-तीन दिवसात स्वतःच जातो, आणि त्या वेळी त्यांच्याकडे राखायला ना पिल्लं ना मध, म्हणून त्या सहसा डंख मारत नाहीत. लांबून बघा, धूर करू नका, पाणी मारू नका. मीटरच्या पेटीत पोळी बांधली असतील तर मधपाळ बोलवा, तो राणीसकट पोळी चौकटीत दोऱ्याने बांधून पेटीत बसवून नेतो. रॉकेल ओतून किंवा फवारून माश्या मेल्या तरी आत मध आणि अळ्या राहतात, मग ते सडतं, मुंग्या, झुरळं येतात, भिंतीतून मध झिरपतो, ते निस्तरायला जास्त खर्च होतो. डंखाची ज्यांना जोरात अ‍ॅलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, त्यांनी मात्र जवळ जाऊच नये, आणि डंख बसलाच तर लगेच दवाखाना गाठावा.

शेवटी पाळायच्या असतील त्यांच्यासाठी. ढोलीतलं मोहोळ फोडून सुरुवात करू नका, पिल्लं मरतात आणि बहुतेक वेळा माश्या राहत पण नाहीत. आधी प्रशिक्षण घ्या, पुण्यात आणि महाबळेश्वरला दोन्हीकडे होतात. वसाहत विकत घेताना एकच प्रश्न जरूर विचारा, या माश्या मुळात कुठल्या गावच्या आणि किती उंचीवरच्या. घाटावरची काळी माशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नेली, किंवा दुसऱ्या राज्यातून स्वस्तात मिळतात म्हणून आणल्या, तर तिथला फुलोरा, तिथला उन्हाळा आणि तिथले रोग तिच्या ओळखीचे नसतात, आणि तुम्ही नकळत आजार पण सोबत आणता. शक्यतो आपल्याच तालुक्यातल्या मधपाळाकडून घ्या, एक नको, दोन वसाहती घ्या म्हणजे एकीची राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देता येते, आणि ऑक्टोबरमध्ये घ्या, पाऊस सरलेला असतो, फुलं असतात, आणि पुढचा पावसाळा यायच्या आत तुम्हाला त्यांची सवय व्हायला सात-आठ महिने मिळतात.